कडा कोऱ्या राहिल्या

४ ऑगस्ट २०२४

हिंगोलीच्या केक क्लासमधल्या मॅडमनी शेवटच्या दिवशी सांगितलं, रोज काय केलं आणि काय फसलं ते लिहीत जा. माझं फसणंच जास्त, म्हणून वही चांगली जाड घेतली. गोरेगावात केक मिळत नाही असं नाही, पण तो बाहेरून येतो आणि जीपमध्ये हादरे खाऊन निम्मा बसलेला असतो. आमचे हे गोरेगाव-हिंगोली जीप चालवतात, त्यामुळे बसलेले केक मी पुष्कळ पाहिलेत. म्हटलं, आपणच घरी करावे.

आज स्पंज छान फुगला. क्रीमही बसलं. फसली ती चमक. चमक म्हणजे केकवर लावायची खायची भुकटी. सोनेरी, रुपेरी, गुलाबी, इवल्याशा डबीत येते. मॅडमनी बजावलं होतं, शोभेची चमकी वेगळी आणि खायची वेगळी, डबीवर वाचूनच घ्या. मी बराबर वाचून घेतली. पण ब्रशनं लावायला गेले तर इथं डाग, तिथं डाग. हे म्हणाले, "कोमल, केकला नायटा झाला काय?" हसू पण आलं आणि ब्रश फेकून मारावा असं पण वाटलं.

७ ऑगस्ट

सासूचं नाव वहीत लिहायला हात धजत नाही, म्हणून आत्याबाईच लिहीन. गाव त्यांना शकुबाई म्हणतं. चार दिवस चुलीपाशी बसून माझा तमाशा बघत होत्या. आज उठल्याच.

"काहून थापून राहिली वं? भुकटी हाय, शेण न्हाई."

पंखा बंद करायला लावला. चिमटीत चमक घेतली, केकवर पार वाकल्या आणि अंगठा बोटावर चोळत हात फिरवला, रांगोळीचा भुरका सोडतात तसा. काय सांगू! सगळा केक एकसारखा चमकला, पार काठापर्यंत, कुठं जाड नाही की कुठं पातळ नाही. मी बघतच राहिले. लग्न होऊन पाच वर्षं झाली, आमचं दोघींचं सूत जेमतेमच. मी म्हटलं, "आत्याबाई, लई भारी झालं." त्या म्हणाल्या, "आमच्या दारातली रांगोळी बघायला बाया वाट वाकडी करून यायच्या." आणि पदराला हात पुसत आत गेल्या. खूश होत्या, पण दाखवायचं नाही हा त्यांचा स्वभावच.

२४ ऑगस्ट

आता कामाची वाटणी ठरली. केक मी करायचा, चमक आत्याबाईंनी सोडायची. पंखा बंद, दार बंद, खिडकी बंद, नाहीतर चमक उडते आणि माश्या क्रीमवर बसतात. खोलीत जीव उकडून निघतो. बाहेर आलो की दोघींच्या तोंडावर सोनं. हे म्हणाले, "आमच्या घरी महालक्ष्म्या आधीच आल्या."

फक्त एक तकलीफ झालीय. आत्याबाई केकच्या अंगावर वाकून काम करतात, त्यामुळे चमक डोळ्यात जाते. दोन्ही डोळे लालभडक झालेत आणि चोळू नका म्हटलं तरी चोळतात.

२६ ऑगस्ट

ह्यांनी स्टँडजवळच्या मेडिकलमधून डोळ्याचे थेंब आणले. डॉक्टरला दाखवू का, असं मी विचारलं होतं. आत्याबाईच म्हणाल्या, "कचरा गेला डोळ्यात, त्याला डॉक्टर कशाला?" रात्री थेंब घातले आणि सकाळी डोळे लख्ख! लाली नाही, खाज नाही. जादूच.

त्यांना स्वतःच्या हातानं घालता येत नाही, थेंब कानात जातो. म्हणून मी घालते. माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडतात आणि "हळू गं माय" म्हणतात. मला त्या आजवर कधी माय म्हणाल्या नव्हत्या.

१४ सप्टेंबर

महालक्ष्म्यांच्या गडबडीत लिहायला जमलं नाही. ऑर्डरी येऊन राहिल्यात. आमच्या लेकीच्या, वैष्णवीच्या अंगणवाडीतल्या बाईंनी पण लेकाच्या वाढदिवसाला आपलाच केक नेला. थेंबाची बाटली संपली, ह्यांनी दुसरी आणली. मेडिकलवाला म्हणे आता नाव पण विचारत नाही, ह्यांना बघितलं की बाटली काढून ठेवतो.

थेंब एक दिवस चुकले की डोळे पुन्हा लाल होतात. म्हणून मी चुकवतच नाही. दिवेलागणीला भाकरी टाकायच्या आधी थेंब. तेवढा वेळ आम्ही दोघी बोलतो. आज त्यांनी त्यांच्या माहेरची गोष्ट सांगितली, बहिणी बहिणी मिळून आंबे कसे चोरायच्या ते. आत्याबाई आणि चोरी! मी हसले तर थेंब गालावर पडला.

१३ ऑक्टोबर

काल हिंगोलीचा दसरा बघायला गेलो होतो. तिथल्या रोषणाईकडं बघून आत्याबाई म्हणाल्या, "प्रत्येक बल्बाला रंगीत कडं हाय बघ, इंद्रधनुष्यावानी." मला तर कुठं कडं दिसलं नाही. ह्यांनाही नाही. मी म्हटलं, "तुमच्या पापण्यांना चमक चिकटलीय, तीच दिसते." घरी येऊन त्यांच्या पापण्या ओल्या फडक्यानं पुसून दिल्या. गर्दीत दोन माणसांना धडकल्या, ते वेगळंच. ह्यांनी हात धरला तर म्हणतात, "मी काय लेकरू हाय?"

९ नोव्हेंबर

दिवाळीचे पाहुणे गेले. आज एक गंमत झाली. विकासच्या साखरपुड्याचा केक होता. विकास म्हणजे ह्यांचा जीपवाला मित्र. आत्याबाईंनी चमक सोडली ती फक्त मधोमध. कडा कोऱ्या! मी म्हटलं, हे काय? त्यांनी पुन्हा वाकून केक बघितला. मग म्हणाल्या, "असंच शोभते." दुसरी डबी फोडायला वेळ नव्हता, बाहेर जीप भुंभुं करून राहिली होती. दिला तसाच.

आणि संध्याकाळी विकासचा फोन! सगळे म्हणे विचारून राहिलेत, हा चांद कुणी काढला? खरंच, चॉकलेटच्या काळ्या केकवर मधोमध रुपेरी गोल, फोटोत चांदच दिसतो. मी पण हुशार. लगेच मोबाईलवर फोटो टाकला, खाली लिहिलं, "आमचा खास चांद केक". आत्याबाईंना सांगितलं, आता असाच काढत जा. "बरं," एवढंच म्हणाल्या.

२ जानेवारी २०२५

एकतीस डिसेंबरनं कंबर मोडली. सगळ्यांना चांद केकच पाहिजे. फाट्यावर कुणा भाऊंचा वाढदिवस होता, त्यांच्या पोरांनी जीपच्या टपावर आमचा चांद केक तलवारीनं कापला. मोबाईलवर चांदाचे दोन तुकडे बघून आत्याबाईंना हसू आवरेना. सेनगावहून पण माणसं येतात. मी त्यांना म्हटलं, "आत्याबाई, तुमच्या हातानं आपलं नाव काढलं." त्या लाजल्या. खरंच लाजल्या, नव्या नवरीवानी.

हल्ली त्यांचं कपाळ दुखतं. फडकं करकचून बांधून बसतात. व्हॅनिलाच्या वासानं दुखत असेल. मी म्हटलं, तुम्ही चार दिवस खोलीत येऊ नका. तर रागावल्या. "मग चांद कोण काढीन? तू? नायटा काढशीन तू."

१५ जानेवारी

शेजारच्या बाई काल वाण घेऊन आल्या होत्या. आत्याबाई ओट्यावर बसलेल्या. बाई बाजूनं येऊन उभ्या राहिल्या, बोलल्या पण नाहीत, बघू म्हटलं हिला कळते का. आत्याबाईंनी मान पण वळवली नाही. झालं! बाई फणकारून माझ्याकडं आल्या, "तुझी सासू मोठी झाली गं केकमुळं. आमी दिसत न्हाई तिला आता." मी आत्याबाईंना बोलले, "माणसाशी नीट वागावं." त्यांनी पदर ओढून घेतला आणि म्हणाल्या, "ध्यान नव्हतं माय."

संध्याकाळी थेंब घालताना विचारलं, डोळे बरे आहेत ना? "तू थेंब घालती तवा थंडगार वाटते," म्हणाल्या. मग ठीकच आहे.

११ फेब्रुवारी

आज राग आलाय आणि लिहूनच काढते. चांद लहान होऊन राहिलाय. आधी ताटलीएवढा होता, मग वाटीएवढा झाला, आज तर बांगडीत मावेल एवढा. गिऱ्हाईक म्हणालं, चमकेत पण कंजूषपणा करता काय वैनी? मी आत्याबाईंना म्हटलं, "डबी काय सोन्याची हाय? मोठा काढा की." काढते म्हणाल्या आणि त्याच गोलावर आणखी चमक ओतली. गोल मोठा नाही झाला, नुसता जाड झाला. मुद्दाम करतात की काय? नाव झालं म्हणून अंगात आलंय, दुसरं काय. वर परवा खाली ठेवलेल्या केकच्या खोक्यावरच पाय दिला. त्याच्या आदल्या दिवशी कपाच्या बाहेर चहा ओतला. मी म्हटलं, लक्ष कुठं असतं तुमचं?

१६ मार्च

काय लिहू.

कळमनुरीची लग्नाची ऑर्डर होती, दोन मजली केक. एवढी मोठी ऑर्डर पहिलीच. मी दोन दिवस खपले. लाईट गेली तेव्हा क्रीम वितळू नये म्हणून शेजारच्यांच्या फ्रिजमध्ये भांडं ठेवून आले. सगळं झालं आणि चमकेसाठी आत्याबाईंना बोलावलं. त्या आल्या, चिमूट घेतली, वाकल्या, आणि सगळी चमक केकच्या शेजारी फळीवर सोडली. पार शेजारी! आणि हात फिरवत राहिल्या, मन लावून, फळीवर. मी ओरडले तर दचकून त्यांचा हात केकमध्ये गेला. वरचा मजला खाली आला.

मी काय काय बोलले ते इथं लिहिणार नाही. वैष्णवी रडायला लागली एवढं बोलले. आत्याबाई भिंतीला टेकून उभ्या, हाताला क्रीम, तोंडावर सोनं. मी दमले तेव्हा त्या बोलल्या.

"कोमल, मला दिसून न्हाई राहिलं गं."

मी म्हटलं, म्हणजे?

"समोरचं थोडं दिसते. बाजूचं न्हाई. नळीतून बघावं तसं. दिवाळीपासून."

"मग बोलल्या काहून नाहीत?"

"वय झालं म्हणलं. अन् तू म्हणलीस ना, माझ्या हातानं नाव निघालं. दिसत न्हाई म्हणलं असतं तर तू मला खोलीत येऊ दिलं असतं काय?"

मी तिथंच खाली बसले. त्यांनी चाचपत चाचपत माझं डोकं शोधलं आणि क्रीमचाच हात त्यावर ठेवला.

१९ मार्च

नांदेडला नेलं, ह्यांच्याच जीपनं. डोळ्याचा मोठा दवाखाना. आत्याबाईंना आधी एका मशीनपुढं बसवलं, ठिपका दिसला की बटण दाबायचं. त्याचा कागद निघाला. मग पडद्याच्या पलीकडच्या बाकावर त्यांना बसवून डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना आत घेतलं.

तो कागद टेबलावर ठेवला. सगळीकडं काळं आणि मधोमध पांढरा एवढासा गोल. "त्यांना एवढंच दिसतं," म्हणाल्या.

मी तो गोल ओळखला. मीच तर त्याचे फोटो टाकत होते. आत्याबाई चांद काढत नव्हत्या. दिसेल तेवढ्या केकवर चमक सोडत होत्या, आणि मी त्यांना मोठा काढा म्हणत होते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काचबिंदू आहे, डोळ्यातलं प्रेशर फार वाढलंय, कोणतं औषध चालू होतं का? मी पर्समधून बाटली काढली. खरं सांगते, मला तेव्हा अभिमानच होता. म्हटलं, "रोज न चुकता घातलंय मॅडम. गणपतीच्या आधीपासून. एक दिवस खंड नाही."

त्यांनी बाटली वाचली आणि पेन खाली ठेवलं. "हे कुणी लिहून दिलं?"

हे म्हणाले, मेडिकलमधून आणलं.

"यात स्टेरॉइड आहे. लाली लगेच जाते, म्हणून लोकांना बरं वाटतं. पण महिनोन्‌महिने घातलं तर काही माणसांच्या डोळ्यात प्रेशर चढतं आणि नस सुकते. डोळ्यात नुसती भुकटी गेली होती ना? पाण्यानं धुतलं असतं तरी भागलं असतं."

मी विचारलं, आता कधी दिसेल? त्या म्हणाल्या, गेलेली नजर येत नाही. उरलेली टिकवायची. त्यासाठी दुसरे थेंब दिले, जन्मभर घालायचे.

माझे हात. रोज दिवेलागणीला, मांडीवर डोकं घेऊन, एक इकडं, एक तिकडं. एखाद्या दिवशी कंटाळा केला असता तर बरं झालं असतं. कामचुकार सून असते तर त्यांचे डोळे राहिले असते. देवा, मला आळशी का नाही केलंस?

बाहेर आलो तर आत्याबाई बाकावर पदर सावरून बसल्या होत्या. म्हणाल्या, "डॉक्टरीण चांगली हाय. आवाज खणखणीत हाय." बाकी काही विचारलं नाही. कळमनुरी गेली, हिंगोली आली, सगळी वाट माझा हात धरून बसल्या. मी नुसतं सांगितलं, म्हातारपणाचा आजार आहे, नवीन औषध दिलंय. खरं सांगायला जीभ रेटेना. बरं झालं पडद्यापलीकडं होत्या.

२३ मार्च

हे मेडिकलवाल्याशी भांडून आले. तो म्हणे, तुम्ही मागितलं, मी दिलं. ह्यांनी जेवण केलं नाही. मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

नवे थेंब मी घालत नाही. मला बाटली धरवत नाही. ह्यांना घालायला सांगितलं.

२९ मार्च

उद्या पाडवा. तीन ऑर्डरी आल्या, तिन्ही चांद केकच्या. चांद बंद झाला म्हटलं. एक बाई म्हणाली, अवं नुसता गोल तर काढायचा, एवढा काय तोरा! फोन ठेवला आणि सगळ्या डब्या न्हाणीत ओतल्या. मोरी सोन्याची झाली. वैष्णवी टाळ्या वाजवून राहिली होती. मी तिला एक धपाटा घातला आणि मग तिलाच जवळ घेऊन रडले.

२ एप्रिल

शेजारच्या बाई आल्या होत्या आत्याबाईंना बघायला. बघायला म्हणजे बोलायला. मी आत चहा ठेवत होते, सगळं ऐकू येत होतं.

"शकू, स्टँडवर लोक काय म्हणून राहिलेत ठाव हाय? तुह्या डोळ्यात सुनेनं घातलेल्या थेंबानंच..."

"कोण म्हणते?" आत्याबाईंचा असा आवाज मी पाच वर्षांत ऐकला नव्हता. "कोण म्हणते त्याला माझ्यासमोर आण. माझ्या सुनेनं रोज थेंब घातले म्हणून एवढं तरी शिल्लक हाय. न्हाईतर कवाच अंधार झाला असता. पोटच्या पोरीनं केलं नसतं एवढं केलं तिनं. चहा पी अन् घरी जाय."

बाई चहा न घेताच गेल्या. मी आतच उभी राहिले. किती भोळं असावं माणसानं! ज्या हातानं घात केला त्याच हाताची गावाला साक्ष देतात. बिचारीला काही माहीतच नाही, आणि मी सांगू शकत नाही. त्यांना कळलं तर त्या माझं तोंड तरी बघतील का?

संध्याकाळी ह्यांनी थेंब काढले, तर आत्याबाईंनी डोळे गच्च मिटून घेतले. "तुह्या हाताला वळण न्हाई रे पोरा. दोन आठवडे झाले, सोसलं. कोमलला पाठव."

मी म्हटलं, "आत्याबाई, मला काम आहे."

"काम करून ये. मी पडलेलीच हाय."

गेले. मांडी दिली. त्यांनी डोकं ठेवलं आणि डोळे उघडले, टक्क. बाटली धरली तर पहिला थेंब कपाळावर पडला, दुसरा नाकावर. मी म्हटलं, "मला नाही जमत. दुसरं कुणी..."

त्यांनी हात वर करून माझं मनगट शोधलं, घट्ट धरलं आणि बाटली डोळ्यावर आणून थांबवली. "हं. इथं हाय डोळा. भिऊ नको. टाक."

मी टाकला. दुसऱ्या डोळ्याच्या आधी मला उठून मागच्या अंगणात जावं लागलं. खूप वेळ लागला तोंड धुऊन यायला. परत आले तर त्या तशाच पडल्या होत्या, उशीवर मान टाकून, दुसरा डोळा बोटांनी उघडा धरून.